विश्लेषण : वजन उतरले, पुढे काय? लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेनंतरची वर्षे का महत्त्वाची?

फेब्रुवारी २०१७ मध्ये इजिप्तमधील एका महिलेला मालवाहू विमानाने मुंबईत आणण्यात आले. तिचे वजन सुमारे ५०० किलो असल्याचे सांगितले जात होते. क्रेनने उचलून तिला रुग्णालयात नेतानाची दृश्ये जगभर पाहिली गेली. मार्चमध्ये तिच्यावर वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली आणि एप्रिल संपता संपता रुग्णालय व तिची बहीण यांच्यात जाहीर वाद पेटला. वजन निम्म्याहून अधिक घटले, असे डॉक्टर सांगत होते. ती अजून हलू-बोलू शकत नाही, असे बहीण म्हणत होती. मे महिन्यात रुग्णाला अबू धाबीला हलवण्यात आले आणि सप्टेंबरमध्ये वयाच्या ३७व्या वर्षी तिचे निधन झाले. हृदयविकार आणि मूत्रपिंडाच्या बिघाडासह मूळ व्याधींतील गुंतागुंत हे मृत्यूचे कारण सांगण्यात आले.

ती रुग्ण सर्वच अर्थांनी अपवाद होती. तिच्यावरून या शस्त्रक्रियेबद्दल निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. पण त्या वादातला प्रश्न मात्र प्रत्येक रुग्णाला लागू होतो. शस्त्रक्रिया यशस्वी झाली, हे ठरवायचे कशावरून? वजनकाट्यावरून की त्यानंतरच्या आयुष्यावरून? आणि ठरवायचे कधी, सहा महिन्यांनी की दहा वर्षांनी?

राज्यातील मोठ्या शहरांत या शस्त्रक्रिया आता नवलाच्या राहिलेल्या नाहीत. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये मुंबईत ती करून घेतली, तेव्हा तिची घराघरांत चर्चा झाली होती. आज ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी दोन छायाचित्रे दाखवणाऱ्या जाहिराती मोबाइलवर सहज दिसतात. त्या दोन छायाचित्रांच्या पलीकडे काय असते, त्याचा हा आढावा.

शस्त्रक्रियेचा सल्ला कोणाला दिला जातो?

पहिला गैरसमज दूर करायला हवा. ही सौंदर्यशस्त्रक्रिया नाही. लायपोसक्शनमध्ये त्वचेखालची चरबी ओढून काढली जाते; त्याने मधुमेह किंवा रक्तदाब आटोक्यात येत नाही. बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रियेत चरबीला हातही लावला जात नाही. तिथे जठराची, आणि काही प्रकारांत आतड्याचीही, रचना बदलली जाते.

निकष ठरतो तो मुख्यतः बीएमआयवर, म्हणजे उंचीच्या तुलनेतील वजनावर. १६५ सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीचे वजन साधारण ९५ किलो असेल तर बीएमआय ३५ होतो आणि १०९ किलो असेल तर ४०. अमेरिकेतील १९९१ च्या निकषांनुसार बीएमआय ४० किंवा गंभीर सहव्याधी असल्यास ३५ ही मर्यादा होती. २०२२ मध्ये या क्षेत्रातील दोन प्रमुख संघटनांनी ती खाली आणली. सहव्याधी असो वा नसो, बीएमआय ३५ असल्यास शस्त्रक्रियेची शिफारस करावी. टाइप २ मधुमेह असल्यास ३० पासून आणि आशियाई लोकांमध्ये २७.५ पासून विचार करता येईल, असे त्यांनी म्हटले. भारतीयांमध्ये कमी वजनावरही पोटाभोवती चरबी साचते आणि मधुमेह लवकर गाठतो, हे त्यामागचे कारण.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील २४ टक्के महिला आणि सुमारे २३ टक्के पुरुष जास्त वजनाच्या किंवा लठ्ठ गटात मोडतात. त्यातील बहुसंख्यांना शस्त्रक्रियेची गरज नाही. पण निकष खाली आला की शस्त्रक्रियेसाठी पात्र ठरणाऱ्यांची संख्या वाढते, आणि त्यांच्यासोबत आयुष्यभर लक्ष ठेवावे लागेल अशा लोकांची संख्याही.

पोटात नेमके काय केले जाते?

सध्या दोन प्रकार सर्वाधिक प्रचलित आहेत.

‘स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी’मध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग कापून कायमचा काढून टाकतात. उरते ती केळ्याच्या आकाराची अरुंद नळी. भूक चाळवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः काढलेल्या भागात तयार होत असल्याने भूकही कमी होते.

‘गॅस्ट्रिक बायपास’मध्ये जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलिलिटरची छोटी पिशवी वेगळी केली जाते आणि ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडली जाते. अन्न उरलेले जठर आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून पुढे जाते. ही पद्धत १९६६ मध्ये अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन आणि चिकाशी इटो यांनी प्रथम वापरली. आज दोन्ही शस्त्रक्रिया दुर्बिणीद्वारे, छोट्या छिद्रांतून होतात आणि रुग्ण बहुधा दोन-तीन दिवसांत घरी जातो.

हे घरी जाणे इतके लवकर होते, की ऑपरेशन किरकोळ होते असा घरच्यांचा समज होतो. प्रत्यक्षात पचनसंस्थेची जोडणीच बदललेली असते. स्लीव्हमध्ये काढलेले जठर परत बसवता येत नाही.

फायदा किती आणि तो किती टिकतो?

फायदा खरा आहे आणि तो वजनापुरता नाही. स्वीडनमध्ये १९८७ पासून सुरू झालेल्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे दोन हजार जणांची तुलना शस्त्रक्रिया न झालेल्या तितक्याच लठ्ठ व्यक्तींशी करण्यात आली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार शस्त्रक्रिया झालेल्यांचे आयुर्मान तीन वर्षांनी अधिक होते. मात्र सर्वसामान्य लोकांच्या तुलनेत ते तरीही साडेपाच वर्षांनी कमीच राहिले. त्या काळी वापरलेल्या काही पद्धती आज मागे पडल्या आहेत, हे लक्षात घेऊनही या दोन आकड्यांत बरेच काही आले. शस्त्रक्रिया आयुष्य वाढवते. लठ्ठपणाचा सगळा इतिहास पुसत नाही.

मधुमेहाबाबतही तसेच. अमेरिकेतील १५० रुग्णांच्या चाचणीत पाच वर्षांनंतर तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ६ टक्के किंवा त्याखाली असण्याचे प्रमाण बायपास झालेल्यांत २९ टक्के, स्लीव्ह झालेल्यांत २३ टक्के आणि केवळ औषधांवर असलेल्यांत ५ टक्के होते. फरक मोठा आहे. पण ‘ऑपरेशन केले की मधुमेह गेला’ हे वाक्य मात्र दहापैकी सात जणांना लागू पडत नाही, असेही हेच आकडे सांगतात.

वजनाचे काय? फिनलंडमधील चाचणीत दहा वर्षांनंतर स्लीव्ह झालेल्यांचे सुमारे ४४ टक्के आणि बायपास झालेल्यांचे सुमारे ५१ टक्के ‘अतिरिक्त’ वजन कमी झालेले होते. येथे ‘अतिरिक्त’ हा शब्द महत्त्वाचा. वर उल्लेख केलेल्या १०९ किलोच्या व्यक्तीचे वजन बीएमआय २५ नुसार ६८ किलो हवे. म्हणजे अतिरिक्त वजन ४१ किलो. त्याचे ४४ ते ५१ टक्के म्हणजे १८ ते २१ किलो. ढोबळ हिशेबाने दहा वर्षांनंतर ही व्यक्ती ८८ ते ९१ किलोच्या आसपास असेल. तिचे गुडघे, झोप, साखर यांच्यासाठी ही मोठी कमाई आहे. पण जाहिरातीतले ‘नंतर’चे छायाचित्र पाहून ६५ किलोची अपेक्षा ठेवणाऱ्याला हेच अपयश वाटेल.

पहिल्या ३० दिवसांत काय बिघडू शकते?

अमेरिकेत ४,७७६ रुग्णांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिल्या ३० दिवसांतील मृत्यूचे प्रमाण ०.३ टक्के, म्हणजे हजारात तीन होते. सुमारे ४ टक्के रुग्णांना गंभीर गुंतागुंत झाली. अनुभवी केंद्रांत आज हे प्रमाण आणखी कमी आहे. पण प्रमाण कमी असते ते तयारी असलेल्या ठिकाणी. एप्रिल २०२४ मध्ये पुदुच्चेरीतील एका २६ वर्षीय तरुणाचा चेन्नईत अशाच शस्त्रक्रियेच्या वेळी मृत्यू झाला. तमिळनाडू सरकारने चौकशी लावली आणि अचानक प्रकृती बिघडली तर ती सावरण्याची रुग्णालयांची तयारी किती, हा प्रश्न ऐरणीवर आला.

सुरुवातीचे धोके प्रामुख्याने तीन. स्टेपलरने जोडलेल्या ठिकाणाहून गळती, रक्तस्राव आणि पायाच्या नसेत गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणे. यात गळती फसवी असते. ती घरी गेल्यावर, आठवड्या-दोन आठवड्यांनीही सुरू होऊ शकते. एरवी पोटात संसर्ग झाला की पोट लाकडासारखे कडक होते. पण जाड पोटात ही खूण अनेकदा मिळतच नाही. सुरुवातीची खूण बहुधा नाडीची असते. विश्रांती घेत असतानाही नाडीचे ठोके मिनिटाला १२० च्या आसपास राहणे, ताप, दम लागणे, खांद्यात दुखणे, उगाच घाबरल्यासारखे वाटणे, यातले काहीही झाले तर ‘गॅस असेल’ म्हणून सकाळची वाट पाहू नये. ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांना त्याच रात्री फोन करावा.

पायात गुठळी होऊ नये म्हणून शस्त्रक्रियेच्या दिवशीच रुग्णाला चालवले जाते. मुंबई-पुण्यात शस्त्रक्रिया करून गाडीने सात-आठ तासांचा प्रवास करणाऱ्याने वाटेत उतरून चालायचे असते, ते याच कारणासाठी.

नंतरच्या वर्षांत कोणते त्रास उद्भवतात?

इथेच चित्र बदलते. पहिल्या महिन्यातील धोक्यांवर शल्यचिकित्सकाचे लक्ष असते. पुढच्या वर्षांतील त्रास घेऊन रुग्ण जातो तो गावातल्या डॉक्टरकडे, आणि त्यांना पोटात काय बदलले आहे याची कल्पना नसते.

पित्ताशयातील खडे : वजन झपाट्याने उतरताना खडे होण्याची शक्यता वाढते. त्यासाठी पहिले काही महिने गोळी दिली जाते. खर्च वाचवायला ती बंद केली जाते आणि मग पोटात कळा सुरू होतात.

आतडे अडकणे : बायपासमध्ये आतड्यांची नव्याने मांडणी होते, तेव्हा त्यांच्या पडद्यात फटी राहतात. चरबी वितळली की या फटी रुंदावतात आणि त्यांत आतडे अडकू शकते. जेवल्यानंतर येऊन जाणाऱ्या कळा हे लक्षण. एंडोस्कोपी आणि सोनोग्राफी सामान्य येते, ‘पित्त’ म्हणून उपचार होतात, आणि एके दिवशी आतड्याचा रक्तपुरवठा तुटतो. गरोदरपणात हा धोका विशेष लक्षात ठेवावा लागतो.

अल्सर : बायपासनंतर जोडाच्या ठिकाणी जखम होऊ शकते. धूम्रपान आणि वेदनाशामक गोळ्या हे तिचे मोठे निमित्त. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून सहज मागून घेतलेली डायक्लोफेनॅक किंवा आयब्रुफेनची गोळी या रुग्णांसाठी सहज नसते.

जळजळ : स्लीव्हनंतर जठराची नळी अरुंद होते, आतला दाब वाढतो आणि आम्ल वर चढते. फिनलंडच्या त्याच चाचणीत दहा वर्षांनंतर अन्ननलिकेला सूज असल्याचे स्लीव्ह झालेल्या ३१ टक्के, तर बायपास झालेल्या ७ टक्के रुग्णांत आढळले. आधीपासून तीव्र आम्लपित्त असलेल्याने कोणता प्रकार निवडावा, हा प्रश्न म्हणूनच शस्त्रक्रियेआधीचा आहे.

डम्पिंग आणि साखर उतरणे : बायपासनंतर गुलाबजाम, जिलेबी किंवा उसाचा रस घेतला की साखर झपाट्याने आतड्यात उतरते. अर्ध्या तासात छातीत धडधड, घाम, पोटात मुरडा. काहींना एक ते तीन तासांनी रक्तातील साखर एकदम खाली जाऊन भोवळ येते. हा दुसरा प्रकार शस्त्रक्रियेनंतर वर्षभराने किंवा त्याहून उशिरा सुरू होतो, त्यामुळे त्याचा संबंध कोणी शस्त्रक्रियेशी जोडत नाही. दुचाकी चालवताना तो जिवावर बेतू शकतो.

आपल्या ताटाचा यात काय संबंध?

मोठा संबंध आहे. खाणे निम्म्याहून कमी होते तेव्हा प्रत्येक घासाची किंमत वाढते. रोज साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिने पोटात जायला हवीत. पोहे, उपमा, साबुदाण्याची खिचडी, वरण-भात अशा आपल्या रोजच्या खाण्यात पिष्टमय पदार्थ जास्त आणि प्रथिने कमी. शाकाहारी व्यक्तीला डाळी, कडधान्ये, पनीर, दही, सोया आणि बहुधा प्रथिनांची पावडर असा हिशेब मांडावाच लागतो. प्रथिने कमी पडली तर चरबीबरोबर स्नायूही झडतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतात, ते बहुतेकांचे पुन्हा येतात. स्नायू मात्र आपोआप परत येत नाहीत.

जीवनसत्त्वांचा प्रश्न त्याहून गंभीर. बी-१२ चा शरीरातील साठा काही वर्षे पुरतो. म्हणून कमतरता दिसते ती दोन-तीन वर्षांनी, जेव्हा गोळ्या बंद करून बराच काळ लोटलेला असतो. तळपायाला मुंग्या, तोल जाणे, विसरभोळेपणा ही तिची लक्षणे. उशीर झाला तर नसांची हानी पूर्ण भरून येत नाही. शाकाहारी लोकांमध्ये हा साठा मुळातच कमी असतो. पाळी येणाऱ्या महिलांना लोहाची कमतरता ठरलेलीच. त्यात लोहाची गोळी चहासोबत घेतली तर ती अंगी लागत नाही. ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम कमी पडले की हाडे ठिसूळ होतात.

सर्वांत तातडीचा मुद्दा बी-१ चा, म्हणजे थायमिनचा. त्याचा साठा जेमतेम दोन-तीन आठवडे टिकतो. शस्त्रक्रियेनंतर सतत उलट्या होत असतील तर तो संपतो आणि मेंदूवर परिणाम होतो. डोळ्यांना दोन-दोन दिसते, चालताना झोकांड्या जातात, बोलण्यात गोंधळ होतो. अशा रुग्णाला अशक्तपणा म्हणून थायमिन न देता नुसते ग्लुकोजचे सलाइन लावले तर प्रकृती आणखी बिघडू शकते. सलाइन लावणाऱ्या डॉक्टरला ‘माझे वजनाचे ऑपरेशन झाले आहे’ एवढे सांगणे रुग्णाला वाचवू शकते.

उपास हाही आपल्याकडचा खास मुद्दा. चतुर्थी, एकादशी, नवरात्रातील नऊ दिवस केवळ साबुदाणा, बटाटा आणि चहावर काढणे या शरीराला परवडत नाही. उपास करायचाच असेल तर दूध, दही, ताक, शेंगदाणे यांचे प्रमाण आहारतज्ज्ञाला विचारून ठरवावे लागते.

महिलांसाठी वेगळी काळजी कोणती?

वजन उतरू लागले की पाळी नियमित होते आणि गर्भधारणेची शक्यता अनपेक्षितपणे वाढते. पण पहिले १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळण्याचा सल्ला दिला जातो, कारण त्या काळात शरीर स्वतःच उपाशी असते. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्या पुरेशा शोषल्या जातीलच असे नाही. दुसरा उपाय आधीच ठरवावा लागतो. पुढे गरोदरपणात ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून साखर तपासण्याची आपल्याकडची नेहमीची चाचणीही या महिलांना डम्पिंगचा त्रास देऊ शकते. नावनोंदणीच्या वेळीच शस्त्रक्रियेची माहिती दिली तर साखर दुसऱ्या पद्धतीने तपासता येते.

मनावर काय परिणाम होतो?

बहुतेकांचा आत्मविश्वास वाढतो. पण सगळ्यांचा नाही. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील यूटा राज्यातील अभ्यासात बायपास झालेल्यांमध्ये एकूण मृत्यू ४० टक्क्यांनी आणि मधुमेहामुळे होणारे मृत्यू तब्बल ९२ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. त्याच अभ्यासात अपघात, आत्महत्या अशा आजाराव्यतिरिक्त कारणांनी होणारे मृत्यू मात्र ५८ टक्क्यांनी जास्त होते. कॅनडातील ओंटारियोत २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर स्वतःला इजा करून घेण्याच्या घटना सुमारे दीडपट झाल्याचे आढळले.

यामागे एकच कारण नाही. खाणे हा अनेकांचा ताणावरचा उतारा असतो. तो एका दिवसात काढून घेतला जातो. सैल पडलेली कातडी, नात्यांतील बदल, फुगलेल्या अपेक्षा यांचाही भार असतो. मद्याचा धोकाही वेगळा. बायपासनंतर दारू झटकन आणि जास्त चढते. अमेरिकेतील एका अभ्यासात मद्याच्या व्यसनाचे प्रमाण शस्त्रक्रियेआधीच्या वर्षात ७.६ टक्के होते, पहिल्या वर्षी ते तेवढेच राहिले आणि दुसऱ्या वर्षी ९.६ टक्के झाले. म्हणजे पहिल्या वर्षाच्या तपासणीत सगळे आलबेल दिसते आणि त्रास त्यानंतर सुरू होतो. म्हणूनच मानसोपचारतज्ज्ञाची भेट शस्त्रक्रियेपूर्वीच्या सोपस्कारापुरती ठेवून चालत नाही.

वजन पुन्हा का वाढते?

स्वीडनच्या अभ्यासात बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत ३२ टक्क्यांपर्यंत घटले होते. दहाव्या वर्षी ही घट २५ टक्क्यांवर आली. म्हणजे थोडे वजन परत येणे हे शरीराचे गणित आहे, रुग्णाचा गुन्हा नाही. शरीर कमी उष्मांकांत भागवायला शिकते आणि जठराची पिशवीही काहीशी सैलावते. त्यात फरसाण, बिस्किटे, आइस्क्रीम, गोड चहा हे छोट्या जठरातूनही सहज घसरत जातात.

मात्र अनेक रुग्ण वजन वाढल्याच्या शरमेने तपासणीला जाणेच सोडतात. ‘एवढे पैसे घालवूनही काही उपयोग नाही,’ हे वाक्य घरातच ऐकावे लागते. तपासणी सुटली की जीवनसत्त्वांच्या चाचण्याही सुटतात. वजन वाढण्यापेक्षा हे अधिक घातक.

इंजेक्शने आल्यावर शस्त्रक्रियेची गरज उरली का?

२०२५ मध्ये मौंजारो आणि वेगोव्ही ही वजन घटवणारी इंजेक्शने भारतात आली. चाचण्यांमध्ये सेमाग्लुटाइडने ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के, तर टिर्झेपेटाइडच्या सर्वाधिक मात्रेने ७२ आठवड्यांत सुमारे २१ टक्के वजन घटले. त्यामुळे मध्यम लठ्ठपणा असलेल्या अनेकांना शस्त्रक्रियेआधी एक पर्याय मिळाला आहे. पण सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग परत येतो, असेही चाचणीत दिसले. शस्त्रक्रिया असो वा इंजेक्शन, लठ्ठपणा हा आयुष्यभर सांभाळायचा आजार आहे, हे त्यातून पुन्हा स्पष्ट होते.

विमा कुठपर्यंत साथ देतो?

विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये ठरवून दिलेल्या प्रमाणित अटींनुसार १८ वर्षांवरील व्यक्तीचा बीएमआय ४० किंवा त्याहून अधिक, अथवा हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र विकार, आटोक्यात नसलेला टाइप २ मधुमेह अशा व्याधींसह ३५ असेल आणि इतर उपाय करूनही वजन घटले नसेल, तर शस्त्रक्रियेचा खर्च वगळता येत नाही. वैद्यकीय निकष खाली आले, विम्याची अट तिथेच आहे. या दोहोंच्या मधले रुग्ण काही लाखांचा खर्च स्वतःच्या खिशातून करतात.

त्याहून मोठी फट पुढे आहे. रुग्णालयात दाखल असतानाच्या खर्चाभोवती आखलेल्या विम्यात वर्षानुवर्षांच्या रक्तचाचण्या, गोळ्या, आहारतज्ज्ञ यांना फारशी जागा नसते. शस्त्रक्रियेसाठी कर्ज काढलेल्या कुटुंबात तिसऱ्या वर्षी पहिली कात्री लागते ती याच खर्चाला.

मग चुकते कुठे आणि काय व्हायला हवे?

ही शस्त्रक्रिया वाईट नाही. योग्य रुग्णासाठी ती जीव वाचवणारी आहे आणि भीतीपोटी ती टाळणेही धोक्याचेच आहे. चूक आहे ती तिला एका दिवसाची घटना मानण्यात. रुग्णालय ‘पॅकेज’ विकते, त्यात डिस्चार्जपर्यंतचे सगळे असते. रुग्ण वजन विकत घेतल्यासारखा पैसे मोजतो. दोघांचाही हिशेब पहिल्या वर्षात मिटतो. गुंतागुंतीचे वेळापत्रक मात्र दुसऱ्या, पाचव्या, दहाव्या वर्षापर्यंत लांबलेले असते आणि तेव्हा बीड किंवा गडचिरोलीतल्या रुग्णाला विचारणारे कोणी नसते.

यावर उपाय अवघड नाहीत. पहिला, नोंद. स्वीडनमध्ये २००७ पासून या शस्त्रक्रियांची राष्ट्रीय नोंदवही आहे. याच नोंदवहीच्या आधारे तेथे अडीच हजार बायपास रुग्णांची चाचणी झाली. आतड्याच्या पडद्यातील फटी शस्त्रक्रियेच्या वेळीच टाके घालून बंद केल्या तर तीन वर्षांत आतडे अडकून पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण सुमारे १० टक्क्यांवरून साडेपाच टक्क्यांवर येते, असे त्यातून सिद्ध झाले. मोजले म्हणून कळले, कळले म्हणून टळले. आपल्याकडेही प्रत्येक शस्त्रक्रियेची आणि तिच्या पाच वर्षांनंतरच्या स्थितीची नोंद रुग्णालयांना बंधनकारक करायला हवी.

दुसरा, कागद. प्रत्येक रुग्णाच्या हाती मराठीत एक पानाचे कार्ड असावे. कोणती शस्त्रक्रिया झाली, कोणत्या गोळ्या आयुष्यभर घ्यायच्या, कोणत्या वेदनाशामक गोळ्या चालत नाहीत, उलट्या होत असतील तर आधी थायमिन द्यावे, कोणत्या लक्षणांवर ताबडतोब फोन करावा, एवढेच त्यावर हवे. तालुक्याच्या डॉक्टरला याचा उपयोग जाडजूड फाइलपेक्षा जास्त होईल.

तिसरा, पॅकेजची व्याख्या. त्यात किमान पाच वर्षांच्या तपासण्या, आहारतज्ज्ञ आणि समुपदेशन धरले जावे आणि विम्यानेही ते मान्य करावे.

तोवर रुग्णाने आणि घरच्यांनी शस्त्रक्रियेआधी चार प्रश्न जरूर विचारावेत. मला हाच प्रकार का सुचवला? येथे रात्री दोन वाजता गुंतागुंत झाली तर कोण येईल? पाच वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया झालेले तुमचे किती रुग्ण अजून तपासणीला येतात? आणि दरवर्षी माझा गोळ्या-चाचण्यांवर किती खर्च होईल? तिसऱ्या प्रश्नाला जे रुग्णालय आकड्यात उत्तर देते, तिथे यशाची मोजणी वजनकाट्यावर संपत नाही, असे समजायला हरकत नाही.